ऐकणारं माणूस

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेच्या वऱ्हांड्यात घटकाभर उभं राहिलं, की इंग्रजीची ठरावीक वाक्यं कानावर पडतातच. ‘मे आय कम इन, सर?’ ‘मे आय गो टू टॉयलेट?’ ‘मे आय ड्रिंक वॉटर?’ पहिलीतलं पोरगंही ती न अडखळता म्हणतं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, त्यामुळे आता गावोगावच्या तरुण आयांनाही ही वाक्यं पाठ आहेत. सगळी वाक्यं परवानगी मागणारी. आत येऊ का, बाहेर जाऊ का, पाणी पिऊ का. त्यानंतर येतात ती सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायची: ‘गुड मॉर्निंग सर’, ‘थँक यू सर’. आणि मग स्वतःची ओळख, तीही पाठ केलेली: माझं नाव अमुक, मी तमुक गावात राहतो, माझे वडील शेतकरी आहेत.

दहा-बारा वर्षं अशी गेल्यावर मुलगा पुण्याला किंवा संभाजीनगरला मुलाखतीला जातो. पेपर त्यानं सोडवलेला असतो, मार्क बरे असतात. समोरचा माणूस इंग्रजीत विचारतो, ‘तुमच्या गावाबद्दल काहीतरी सांगा.’ आणि पोरगा गप्प होतो. घरी येऊन सांगतो, “मला समजतं, लिहितापण येतं. बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही.” आमच्या जालना जिल्ह्यातल्या किती घरांतून हे वाक्य ऐकू येतं, याची मोजदाद करायची गरज नाही. ज्याच्या घरात बारावी पास झालेलं मूल आहे, त्यानं ते ऐकलेलंच असतं.

यावर कारणं सांगितली जातात ती शब्द कमी पडल्याची, व्याकरण कच्चं असल्याची, भीतीची. ती खरीच आहेत. पण त्यांच्या मुळाशी आणखी एक कारण आहे, असं मला या दोन-चार वर्षांत प्रकर्षानं वाटू लागलं आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यालाच माहीत नाही, असा एकही प्रश्न या मुलाला आजवर कुणी इंग्रजीत विचारलेला नसतो. शाळेतल्या प्रश्नाचं उत्तर सरांना ठाऊक असतं, पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. मुलानं ते बरोबर सांगितलं की मार्क, चुकलं की दुरुस्ती. त्याचं ऐकायला म्हणून कुणी बसलेलंच नसतं. मग बोलायचं कशासाठी, आणि कुणाशी?

भाषेला बुजणारा हा मुलूख नव्हे. जालन्याचं कौतुक जालनेकर स्वतः करतात तेसुद्धा ‘जालना सोने का पालना’ असं, हिंदी-दखनीत. कुंडलिकेच्या एका काठाला कदीम जालना, दुसऱ्या काठाला सदर बाजार. ही दोन्ही नावं उर्दूच्या अंमलातून आलेली. निजामाच्या राज्यात सरकारदरबाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आमच्या आजोबांची पिढी उर्दूतून शिकली, घरात मराठी बोलली आणि बाजारात मारवाडी व्यापाऱ्याशी त्याच्या वळणानं बोलली. आज स्टीलच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर आहेत. त्यांच्याशी बोलणारा चहावाला कुठल्याही क्लासला न जाता हिंदी बोलतो. मोंढ्यात माल विकायचा असला की माणूस लागेल ती भाषा उचलतो. तिथं समोर कुणीतरी असतं, त्याला काहीतरी हवं असतं आणि आपल्याला काहीतरी सांगायचं असतं. एवढं जमलं की जीभ वळते.

इंग्रजी मात्र इथं तशी आली नाही. ती पहिल्यांदा आली तोफेबरोबर. जाफराबादच्या बाजूला, केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या असईच्या रानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्यानंतर जालन्याला छावणी पडली आणि इंग्रजी ही हुकमाची भाषा म्हणून ऐकू येऊ लागली. मग मिशन आलं. बाळशास्त्री जांभेकरांनी ज्याच्या शुद्धीसाठी पुण्या-मुंबईच्या कर्मठांचा रोष पत्करला, तो श्रीपत शेषाद्री मराठी वाचकांना माहीत आहे. त्याचे थोरले बंधू नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले, स्कॉटिश मिशनचे पाद्री म्हणून जालन्यात आले आणि त्यांनी शहराजवळ बेथेल ही वसाहत उभारली. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले होते. दीडशे वर्षांपूर्वी जालन्याचा एक माणूस डोक्याला पागोटं बांधून अमेरिकेतल्या सभेत इंग्रजीत बोलत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण ते एकटे होते. बाकीच्यांसाठी इंग्रजी आधी हुकमाची, नंतर अर्जाची आणि शेवटी परीक्षेची भाषा राहिली. गप्पांची भाषा म्हणून ती या जिल्ह्यात आलीच नाही.

गप्पांसाठी इंग्रजी, ही कल्पना मला पहिल्यांदा नीट दिसली ती सुगत मित्रा या शिक्षणसंशोधकांच्या कामात. २६ जानेवारी १९९९ रोजी त्यांनी दिल्लीतल्या काळकाजीत, आपल्या ऑफिसच्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूला एक संगणक बसवला आणि मुलांना तो मोकळा सोडला. मुलं एकमेकांचं बघून तो चालवायला शिकली. या प्रयोगाची गोष्ट जगभर गेली. मला मात्र त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तमिळनाडूकडच्या कालिकुप्पम नावाच्या गावात त्यांनी मुलांना संगणकावर जीवशास्त्राचा अवघड, इंग्रजीतला मजकूर ठेवून दिला. शिकवायला कुणी नव्हतं. काही महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा मुलं शून्यावरून ३० टक्क्यांपर्यंत आली होती. पुढे सरकायला त्यांनी शिक्षक आणला नाही. मुलांची मैत्रीण असलेल्या, हिशेबाचं काम करणाऱ्या गावातल्याच एका तरुणीला त्यांनी सांगितलं, की तू फक्त आजीसारखी त्यांच्या मागे उभी राहा. अरे वा, हे कसं केलंस, मला तर काहीच कळलं नाही, पुन्हा दाखव बरं, असं म्हणत राहा. तिला जीवशास्त्र येत नव्हतं. मुलं ५० टक्क्यांपर्यंत गेली.

यातूनच २००९ साली ‘ग्रॅनी क्लाउड’ सुरू झालं. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रातून मित्रा यांनी आवाहन केलं: तुमच्याकडे इंटरनेट असेल, कॅमेरा असेल आणि आठवड्याचा थोडा वेळ असेल, तर भारतातल्या मुलांशी गप्पा मारायला याल का? माणसं आली. त्यांत खऱ्या आज्या होत्या, निवृत्त शिक्षिका होत्या, तरुण होते, पुरुषही होते. सगळ्यांना नाव मात्र ‘ग्रॅनी’. पहिली सत्रं हैदराबादच्या मुलांबरोबर झाली. पडद्यावरची आजी गोष्ट वाचून दाखवायची, कागदाची घडी घालायला शिकवायची, खिडकीतून आपली बाग दाखवायची, मुलांना त्यांच्याबद्दल विचारायची. तिच्याकडे अभ्यासक्रम नव्हता, चाचणी नव्हती. पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णींनी या सगळ्याचा समन्वय अनेक वर्षं सांभाळला. २०१३ मध्ये मित्रा यांना १० लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं आणि त्यातून ‘स्कूल इन द क्लाउड’च्या सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पाच भारतात आणि दोन इंग्लंडात. महाराष्ट्रातली प्रयोगशाळा फलटणला होती, प्रगत शिक्षण संस्थेच्या शाळेत.

फलटणचं नाव आलं की मॅक्सीन बर्नसन यांच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या मूळच्या अमेरिकन. १९६०च्या दशकात भारतात आल्या, मराठीच्या अभ्यासक झाल्या, फलटणला राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. जाई निंबकरांच्या बरोबरीनं त्यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं आणि परदेशी माणसांना मराठी शिकता यावी म्हणून पुस्तकं केली. फलटणच्या वस्त्यांवरच्या, शाळेनं टाकून दिलेल्या मुलांना त्यांनी वाचायला शिकवलं, ते मराठीतून. मूल आधी स्वतःच्या भाषेत नीट वाचू-लिहू लागलं पाहिजे, यावर त्यांचा कायम भर राहिला. त्यांच्याच प्रगत शिक्षण संस्थेच्या शाळेत पुढे इंग्रजी बोलणाऱ्या आज्या पडद्यावरून आल्या, ही मला जुळून आलेली गोष्ट वाटते. ज्या शाळेत मुलाच्या मराठीचा मान राखला जातो, तिथंच परकी भाषा त्याला न दबवता येऊ शकते.

हे सगळं वाचून-ऐकून आमच्याकडेही काहीतरी करावं, असं वाटत होतं. घनसावंगी तालुक्यातल्या एका गावाच्या शाळेत माझं जाणं-येणं आहे. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम २०१५ साली आला, त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. तशी वर्गणी काढून इथंही भिंतीवर मोठा टीव्ही आला होता. माझा भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. त्याच्या शेजारी एक निवृत्त बाई राहतात, आयुष्यभर ग्रंथालयात काम केलेल्या. त्यांना विचारलं तेव्हा त्या लगेच तयार झाल्या. सरांचा मोबाइल टीव्हीला जोडायचा, सहावी-सातवीची पोरं सतरंजीवर बसवायची. आमच्याकडे दुपारचे चार म्हणजे हिवाळ्यात त्यांच्याकडे सकाळचे साडेदहा. पहिल्याच दिवशी मुलांनी ठरवून टाकलं की या आजी. मॅडम म्हणणं त्यांना नको वाटलं. मला पोरं काकू म्हणतात, त्यामुळे नातं आपोआप बसलं.

सुरुवातीला मुलं पाठ केलेलंच बोलत. उभं राहायचं, नाव सांगायचं, बसायचं. एकाचा शब्द अडखळला की बाकीचे खुदकन हसायचे आणि सर दरडावायचे, “काहून हसू राहिले रे?” आजी मात्र नावावर थांबत नसत. ‘तुझ्या नावाचा अर्थ काय? कुणी ठेवलं?’ असं विचारत. तिथंच पाठांतर संपे. उत्तर पुस्तकात नव्हतं.

डिसेंबरात एकदा त्यांनी विचारलं, सध्या शेतात काय चाललंय? मागच्या रांगेतला, कधी न बोलणारा एक मुलगा उठला. त्याच्या घरची मोसंबीची बाग. आंब्या बहारासाठी या दिवसांत झाडाला ताण देतात, पाणी तोडतात. हे इंग्रजीत कसं सांगायचं? तो म्हणाला, ‘वुई नो गिव्ह वॉटर टू ट्री.’ आजींना वाटलं, दुष्काळ आहे. त्यांनी हळहळून विचारलं, पाणी नाही का? ‘वॉटर इज,’ तो म्हणाला, ‘बट नो गिव्ह. ट्री थर्स्टी. देन फ्लॉवर.’ आजी खुर्चीत पुढे सरकल्या. पाणी असून द्यायचं नाही? आणि त्यामुळे फुलं येतात? हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला: ताण पुरे झाला हे कसं कळतं? जास्त झाला तर झाड मरणार नाही का?

आता सगळा वर्ग त्या मुलाकडे बघत होता. त्यानं हातानं पान दाखवलं. ‘लीफ यलो. लीफ फॉल. नॉट ऑल. माय फादर सी.’ पानं पिवळी पडून थोडी गळायला लागली की बाप ओळखतो, आता बस. मग पहिलं हलकं पाणी द्यायचं आंबवणीचं, नंतरचं चिंबवणीचं. हे दोन शब्द तो मराठीतच बोलला. आजींनी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि कागदावर लिहिले. मग त्यांनी आपलं सांगितलं. त्यांच्या दारात सफरचंदाचं झाड आहे. त्याला हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर वसंतात ते नीट फुलत नाही. पोरं थक्क झाली. आपल्या झाडाला तहान लागते, त्यांच्या झाडाला थंडी. एक मुलगी पटकन म्हणाली, ‘युवर ट्री आल्सो वेट!’ सरांच्या ओठांवर ‘वेट्स’ आलं होतं, मी बघत होते. त्यांनी ते गिळलं. त्या क्षणी दुरुस्ती केली असती तर पोरगी गप्प झाली असती. आजी मात्र तिच्या बोलण्याला उत्तर देत होत्या, आणि उत्तरात तेच वाक्य नीट होऊन तिच्याकडे परत गेलं. पुढच्या खेपेला ती ते नीट बोलली.

मला इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचं ज्ञान नाही. पण त्या दुपारी जे झालं ते मी सविस्तर सांगते, कारण त्यात सगळं आलं. मुलाजवळ काहीतरी असं होतं जे समोरच्या माणसाजवळ नव्हतं. समोरच्याला ते मनापासून हवं होतं. आणि त्याला मराठी येत नसल्यामुळे मराठीत पळून जायला वाट नव्हती. परदेशातल्या माणसाचा उपयोग असतो तो इथं. आपण दोघं मराठी माणसं इंग्रजीत बोलायला बसलो की तिसऱ्या वाक्याला मराठीवर येतो, आणि मोसंबीचा ताण मला समजावून सांगायची त्याला गरजही नसते. आजींच्या अनभिज्ञतेनं त्याला जाणकार केलं. आजवर इंग्रजीत तो नेहमी कमी पडणारा होता. त्या दिवशी पहिल्यांदा जास्त जाणणारा झाला.

दुसरी गोष्ट एका मुलीची. दिवाळीनंतर आमच्या भागातली किती तरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. कोयता उचलायचा, बिऱ्हाड गाडीत टाकायचं आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांचा रस्ता धरायचा. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबांजवळ राहणारी मुलं आहेत, तरी काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातातच. ही मुलगी गेली होती. एप्रिलात परत आली. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, तरी गप्पांच्या दिवशी पोरं ऊन कलल्यावर पुन्हा जमतात. ती दाराशी बसली होती. आजींना नवा चेहरा दिसला. त्यांनी विचारलं, इतके महिने तू कुठं होतीस?

ती उठली. म्हणाली, ‘आय गो शुगर फॅक्टरी.’ तिथं तू काय करायचीस? ‘आय सी ब्रदर. आय कुक भाकरी.’ किती वाजता उठायचीस? ‘फोर ओ’क्लॉक. समटाइम ट्रक कम नाइट, देन नाइट.’ आजींनी मध्ये एकदाही अरेरे केलं नाही. त्यांनी विचारलं, भाकरी करायला तुला कुणी शिकवलं? मुलीचा चेहरा जरा उजळला. ‘माय आजी.’ मग भाकरी कशी थापतात, पीठ किती मळायचं, ती तव्यावर टाकताना फाटू नये म्हणून काय करायचं, हे सगळं तिनं हातांनी करून दाखवलं, इंग्रजी अडेल तिथं हातच बोलले. वर्गातली पोरं शांत बसून ऐकत होती. या मुलीला सगळे ओळखत होते. ती दरवर्षी जाते आणि येते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिथं तिचा दिवस कसा जातो, हे तिला गावात कुणी विचारलेलं नव्हतं. मराठीतसुद्धा.

त्या संध्याकाळनंतर हा सगळा विषय माझ्यासाठी इंग्रजीपुरता राहिला नाही. आपण म्हणतो, पोरांना इंग्रजी बोलता येत नाही. पण पोरांना बोलतं करणारं माणूस त्यांच्या आयुष्यात किती आहे? घरी सांगतात, गप्प बस. शाळेत सांगतात, उत्तर दे. मूल स्वतःहून लांबवर काही सांगतंय आणि मोठं माणूस सगळं काम बाजूला ठेवून ऐकतंय, असं दृश्य आपल्या घरांत, शाळांत किती वेळा दिसतं? ज्या मुलाला आपल्या भाषेत सविस्तर बोलायची सवय नाही, त्याला परक्या भाषेत ती कुठून येणार?

या कामावर आक्षेपही आहेत आणि ते बाजूला सारण्यासारखे नाहीत. साहेब गेला, आता पडद्यावरून त्याच्या आज्या आमच्या पोरांना शिकवणार का, असं एका जाणत्या शिक्षकमित्रानं मला विचारलं. असईच्या रानाचा जिल्हा असल्यामुळे मला तो प्रश्न झोंबला नाही, उलट योग्य वाटला. त्याला माझं उत्तर असं आहे: पडद्यापलीकडचं माणूस उपकार करायला आलेलं असेल तर नकोच. ते शिकायला आलेलं असेल तर यावं. आमच्या आजींच्या कागदावर आता आंबवणी, चिंबवणी, सरकी, परभणीकडचा पाऊस, राजूरच्या गणपतीची जत्रा असं बरंच काही लिहिलेलं आहे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते की नाही, एवढी एकच कसोटी मी लावते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. यंत्र लावलं, तार जोडली म्हणजे झालं, असं काही नसतं. पावसाळ्यात लाइट जाते. आजींचं तोंड हलतं आणि आवाज येत नाही. रेंजसाठी सर फोन घेऊन खिडकीत उभे राहतात. ‘स्कूल इन द क्लाउड’च्या दुर्गम केंद्रांनाही विजेनं आणि इंटरनेटनं फार छळलं. अशा वेळी मुलांना धरून ठेवणारं, तोवर गाणं म्हणून घेणारं, आजी काय म्हणाल्या ते हळूच कानात सांगणारं माणूस वर्गातच लागतं. त्यामुळे या गप्पांचा खरा कणा म्हणजे शाळेतले सर. परदेशातली आजी आठवड्यातून एकदा येते. सर रोज असतात. त्यांना डावलून केलेलं कुठलंही काम टिकत नाही. शिवाय मुलांचं एकट्यानं अनोळखी माणसाशी बोलणं होऊ द्यायचं नाही, कुणाचा नंबर कुणाला द्यायचा नाही, सत्र नेहमी शाळेत आणि सरांच्या समोर, हे नियम पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे लागतात.

आणि परदेशाचाच हट्ट धरायचंही कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या शाळेतल्या पोरांची देशोदेशीच्या मुलांशी गाठ घालून दिली. २०२० सालचं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं तेव्हा अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. शेजारच्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या शाळेत मुलांना विचारलं, तुम्हाला कोणती परदेशी भाषा शिकायची आहे? मुलं म्हणाली, जपानी. यंत्रमानव बनवायचा तर ती हवी, असं त्यांचं म्हणणं. शहरातला एक जाणकार त्यांना विनामूल्य शिकवू लागला आणि २०२० मध्ये ती मुलं आपसात जपानी बोलतात ही बातमी देशभर गेली. तिथंही सुरुवात मुलांना विचारण्यापासून झाली.

याच वाटेनं उलट दिशेलाही प्रवास चालू असतो. अंबडच्या, परतूरच्या घराघरांतून रविवारी सकाळी मोबाइल भिंतीला टेकवून आज्या बसलेल्या दिसतात. नातू टेक्सासला किंवा लंडनला. त्याला मराठी समजते, बोलता येत नाही. आजी त्याला व्याकरण शिकवत नाही. ‘काय जेवलास? आज शाळेत कुणाशी भांडलास?’ एवढंच विचारते. तो मोडकं बोलतो, ती हसून ऐकते, आणि तेच वाक्य नीट करून त्याच्याशी पुढे बोलत राहते. आपल्या भाषेच्या बाबतीत हे आपल्याला उपजत कळतं. मोडकं मराठी बोलणारा नातू आपल्याला गोड वाटतो. मग मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या आपल्याच पोराला आपण ‘आधी नीट बोलायला शीक’ असं का म्हणावं? त्या नातवाला मिळतो तेवढाच धीर या पोराला मिळाला पाहिजे. तोही कुणाचा तरी नातू आहे.

जालन्यात १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी निघाली. तिथून पुढे या शहराचं बियाण्यांच्या धंद्यात नाव झालं. त्या धंद्यातले अधिकारी, कारखान्यांतले इंजिनिअर, बँकेतून निवृत्त झालेली माणसं, हिंजवडीत नोकरी करणारी आमच्याच गावांतली पोरं-पोरी, असे इंग्रजी बोलू शकणारे किती तरी लोक या जिल्ह्याचे आहेत. यातल्या प्रत्येकाची कुठली तरी एक शाळा आहे, जिच्या सतरंजीवर तो कधीतरी बसलेला आहे. शाळेला पंखा द्यावा, रंग द्यावा, वह्या वाटाव्यात, हे चांगलंच. पण या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, लागतो तो नेम. मुलं ठरल्या दिवशी पडद्याकडे बघत बसतात. दोनदा माणूस आलं नाही की तिसऱ्या वेळी ती मनातून उठून जातात.

माझी विनंती एवढीच आहे. पोरांना इंग्रजी यावी असं ज्याला खरोखर वाटतं, त्यानं आठवड्याचा अर्धा तास बाजूला काढावा, ठरल्या वेळी हजर राहावं, चुका मोजू नयेत आणि ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा प्रश्न मुलाला विचारावा. मग त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकावं. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारावा. फडावरून परत आलेल्या लेकरालाही आधी तोच प्रश्न हवा असतो. घरच्या भाषेत ज्याचं कुणी ऐकलंय, ते मूल उद्या जगाच्या भाषेत बोलायला कचरणार नाही.